संशोधनाचं सरकारी अनुदान: भारत, युरोप, अमेरिका. जाहिरातीतला आकडा आणि हातात येणारा पैसा

पिपेट | सोमवार, रात्री 9:12

"कुठल्या देशात संशोधनाला जास्त पैसे मिळतात?" हा प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर पुन्हा पुन्हा येतो, म्हणून एकच धागा काढते आहे. माझं म्हणणं आधीच सांगते: जाहिरातीतली रक्कम ही सर्वांत कमी उपयोगाची माहिती आहे. अर्ज लिहायला बसण्यापूर्वी चार गोष्टी शोधा. पैसा कोणाच्या खात्यात येतो? आगाऊ येतो की खर्च दाखवल्यावर? संस्थेचं ओव्हरहेड (वीज, इमारत, कार्यालय अशा सामायिक, म्हणजे अप्रत्यक्ष खर्चाचा वाटा) त्या रकमेत धरलेलं आहे की वर वेगळं? आणि न खर्चलेल्या पैशाचं काय होतं? ही उत्तरं मिळाली की दोन योजनांची तुलना करता येते, त्याआधी नाही.

ओव्हरहेडपासून सुरुवात करू, कारण तिथेच सगळ्यात मोठी फसगत होते.

युरोपियन रिसर्च कौन्सिलचं स्टार्टिंग ग्रँट 5 वर्षांसाठी 15 लाख युरोपर्यंत असतं. यात 25 टक्के अप्रत्यक्ष खर्च धरलेला असतो. म्हणजे 15 भागिले 1.25, थेट खर्चाला 12 लाख आणि संस्थेला 3 लाख. उपकंत्राटावर हे 25 टक्के लागत नाहीत, त्यामुळे बाहेरून मोठं काम करून घेणार असाल तर हिशोब बदलतो.

डीएफजी या जर्मनीच्या संशोधन निधी संस्थेचं उलट आहे. तिथे 22 टक्के मंजूर रकमेच्या वर मिळतात. काकेन्ही या जपानच्या सरकारी संशोधन अनुदानातही थेट खर्चावर 30 टक्के वेगळे. ब्रिटनमध्ये तिसराच प्रकार: संशोधन परिषदा प्रकल्पाच्या पूर्ण आर्थिक खर्चाच्या साधारण 80 टक्के देतात. पूर्ण खर्च 5 लाख पौंड निघाला तर हातात 4 लाख. उरलेला लाख विद्यापीठाने सोसायचा. म्हणून तिथे विभागप्रमुखाची परवानगी लागते ती शिष्टाचार म्हणून नाही. ते खरोखर पैसे घालत असतात.

अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठाचा दर सरकारशी वाटाघाटी करून ठरलेला असतो. दर 55 टक्के असेल तर 1 लाख डॉलरच्या पात्र थेट खर्चामागे 55 हजार संस्थेला. "पात्र" हा शब्द महत्त्वाचा, कारण मोठी उपकरणं, विद्यार्थ्यांची ट्यूशन फी असे घटक त्या हिशोबातून वगळतात. एनआयएच या आरोग्य संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या आर-01 प्रकल्प अनुदानाच्या अर्जात वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत 25 हजारांच्या ठोकळ्यांत बजेट मागता येतं, आणि ही मर्यादा फक्त थेट खर्चाची आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये एनआयएचने हा दर सरसकट 15 टक्क्यांवर आणायची सूचना काढली आणि न्यायालयाने ती अडवली. त्यावर एवढा गदारोळ का झाला, ते हे गणित मांडलं की कळतं: प्रयोगशाळेची वीज, प्राणिगृह, कचऱ्याची विल्हेवाट, सगळं त्याच पैशातून चालतं.

आपल्याकडे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या पंतप्रधान अर्ली करिअर अनुदानात 3 वर्षांसाठी 60 लाखांपर्यंत मिळतात आणि ओव्हरहेड त्याच्या वर असतं. पण बाकी योजनांत हे वेगवेगळं असतं, तेव्हा प्रत्येक जाहिरातीत ती ओळ शोधाच.

जाणकारांनी आपापल्या भागाची भर घालावी.

कऱ्हाकाठ | सोमवार, रात्री 10:03

उपयुक्त धागा. महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाने भारतात अर्ज करायचा तर मनुष्यबळाचा आकडा कसा काढायचा? बरेच जण फेलोचे 37 हजार गुणिले 36 महिने असं लिहून मोकळे होतात.

तिसरा_मजला | सोमवार, रात्री 11:20

कऱ्हाकाठ, त्या गुणाकारात दोन चुका आहेत. जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोला, 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 मिळतात हे बरोबर, पण दोन वर्षं झाली की तो एसआरएफ (वरिष्ठ फेलो), म्हणजे 42,000. शिवाय त्यावर केंद्राच्या दराने घरभाडं भत्ता. तो शहराच्या वर्गानुसार असतो. पुणे-मुंबई एक्स वर्गात, म्हणून 30 टक्के. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर वाय वर्गात, 20 टक्के.

पुण्याचा हिशोब: 48,100 गुणिले 24 = 11,54,400. तिसऱ्या वर्षी 54,600 गुणिले 12 = 6,55,200. एकूण 18,09,600. नुसतं 37,000 गुणिले 36 केलं असतं तर 13,32,000 झाले असते. म्हणजे जवळपास पावणेपाच लाखांचा खड्डा, आणि तो रसायनांच्या पैशातून बुजवता येत नाही. अनेक योजनांत मनुष्यबळ आणि उपभोग्य वस्तू या शीर्षकांमध्ये पैसे हलवायला लेखी परवानगी लागते.

हाच हिशोब नाशिकला 16,70,400 येतो. मित्राची पुण्याची एक्सेल फाईल घेऊन तशीच भरली तर परीक्षकाला आकडा फुगवलेला वाटतो.

आणखी एक. जेआरएफसाठी नेट किंवा गेटसारखी पात्रता लागते. तसा उमेदवार मिळणार नाही अशा ठिकाणी असाल तर सुरुवातीलाच प्रोजेक्ट असोसिएटचं पद मागा. मंजुरीनंतर पद बदलून घेण्यात महिने जातात.

ओजस | मंगळवार, सकाळी 7:41

उपकरणांबद्दल लिहितो. सगळ्यात जुनी चूक अजून चालू आहे: जीएसटी 5 टक्के धरणं. संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारी ती सवलत 18 जुलै 2022 पासून बंद झाली. आता 18 टक्के धरा. 20 लाखांच्या उपकरणावर 3 लाख 60 हजार. जुन्या प्रस्तावातून बजेटचा तक्ता उचलला की हे हमखास होतं, आणि मंजुरी आल्यावर कमी क्षमतेचं मॉडेल घ्यावं लागतं.

दुसरं म्हणजे कोटेशनची मुदत. पुरवठादार तीनेक महिन्यांची मुदत देतो, तर अर्जापासून पैसा येईपर्यंत वर्षही जातं. डॉलर-युरोतलं कोटेशन असेल तर विनिमय दरासाठी थोडी जागा ठेवा आणि औचित्याच्या परिच्छेदात तसं स्पष्ट लिहा. लपवून फुगवलेलं बजेट परीक्षक कापतो. कारण दिलेलं बहुतेक वेळा ठेवतो.

तिसरं, उपकरणाच्या आजूबाजूच्या वस्तू. यूपीएस, एसी, व्हायब्रेशन टेबल, गॅस सिलिंडरचे रेग्युलेटर, संगणक, वॉरंटीनंतरचा एएमसी (वार्षिक देखभाल करार). यातल्या निम्म्या गोष्टी विसरल्या जातात आणि पाऊण कोटीचं यंत्र पेटीत पडून राहतं. बांधकाम आणि फर्निचर बहुतेक अनुदानांत चालत नाही, त्यामुळे जागा तयार करून देण्याचं संस्थेचं पत्र आधीच घ्या.

खरेदीच्या नियमांत जून 2025 मध्ये मोठा दिलासा मिळाला. वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख झाली. खरेदी समितीमार्फतची मर्यादा 10 लाखांवरून 25 लाखांवर गेली. विशिष्ट उपकरणं जेम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेर घ्यायचा आणि 200 कोटींपर्यंत जागतिक निविदा काढायचा अधिकार संचालक आणि कुलगुरूंना मिळाला. मात्र हे आपोआप लागू होईल असं धरू नका. तुमची संस्था त्या आदेशात बसते का आणि तुमच्या खरेदी विभागाने अंतर्गत परिपत्रक काढलं आहे का, दोन्ही तपासा.

कऱ्हाकाठ | मंगळवार, सकाळी 9:15

धन्यवाद ओजस आणि तिसरा_मजला. मंजुरी आली, पण फेलोचा पगार एप्रिल-मेमध्ये अडकतो, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यामागचं कारण काय?

तिसरा_मजला | मंगळवार, दुपारी 1:30

कारण पैसा आता संस्थेच्या बँक खात्यात येऊन पडत नाही. ट्रेझरी सिंगल अकाउंट पद्धतीत संस्थेला रिझर्व्ह बँकेतल्या खात्यावर खर्चाची *मर्यादा* मिळते. पैसे देण्याच्या क्षणी ते सरकारी तिजोरीतून निघतात. 31 मार्चला न वापरलेली मर्यादा मावळते. एप्रिलमध्ये नवी मर्यादा यावी लागते, आणि तिच्यासाठी मागच्या वर्षाचं खर्चपत्रक आणि उपयोगिता प्रमाणपत्र लागतं.

सरकारच्या बाजूने यात तथ्य आहे. पूर्वी कोट्यवधी रुपये संस्थांच्या खात्यांत नुसते व्याज खात पडायचे. पण तरुण संशोधकाचं घरभाडं थांबत नाही, आणि या पद्धतीचा भार सगळ्यात खालच्या पगारावर पडतो हे मला मनापासून खटकतं.

त्यावर करता येण्यासारखं एवढंच: मार्चचा पगार मार्चमध्येच काढायची लेखी विनंती फेब्रुवारीत द्या. ज्या वस्तूंना आयात लागते त्यांची ऑर्डर सप्टेंबरच्या पुढे ढकलू नका, कारण बिल मार्चअखेर चुकतं न झाल्यास ती मर्यादा जाते आणि पुढच्या वर्षीच्या रकमेतून तो खर्च भागवावा लागतो. उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना सरकारी वित्तीय नियमांतला जीएफआर 12-ए हाच वापरा. त्यातली सुरुवातीची शिल्लक मागच्या वर्षाच्या अखेरच्या शिलकेशी रुपयापर्यंत जुळली पाहिजे. न जुळण्याचं नेहमीचं कारण व्याज. जुन्या पद्धतीने बँकेत आलेल्या पैशावरचं व्याज भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवरून भारताच्या संचित निधीत भरायचं असतं आणि त्याची पावती सोबत जोडायची असते. ती नसली की फाईल परत येते, आणि एका फेरीत दोन महिने जातात.

मीरा_तळेगाव | मंगळवार, संध्याकाळी 6:48

पीएचडी संपवणाऱ्यांसाठी युरोपीय संघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपबद्दल कोणी लिहील का? भारतीय अर्ज करू शकतात ना?

पिपेट | मंगळवार, रात्री 8:55

मीरा, तिचे दोन प्रकार आहेत. युरोपियन फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट नाही. ग्लोबल फेलोशिप मात्र युरोपीय संघाच्या, सहयोगी देशांच्या (संघाबाहेरचे, पण करार करून या कार्यक्रमात सामील झालेले) नागरिकांसाठी आणि तिथल्या दीर्घकाळ रहिवाशांसाठी आहे. नावावरून उलट वाटतं, त्यामुळे चुकीच्या खिडकीत अर्ज जातो.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते स्थलांतराच्या अटीवर. अंतिम तारखेच्या आधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं नसावं. म्युनिकमध्ये 14 महिने झालेल्या व्यक्तीला जर्मनी निवडता येत नाही, नेदरलँड्स मात्र चालतं. हे पासपोर्टवरचे शिक्के आणि करारपत्रं समोर ठेवून दिवसांत मोजा, महिन्यांच्या अंदाजाने नको. पीएचडीनंतरच्या संशोधनाची मर्यादा 8 वर्षं. त्यातून काही प्रकारचे खंड वजा होतात.

प्रस्तावाचा मुख्य भाग 10 पानांचा. अकरावं पान परीक्षकाला दिसतच नाही, म्हणून वेळापत्रकाचा तक्ता शेवटी ढकलून जागा मारायला जाऊ नका. गुणांचं वजन असं: उत्कृष्टता 50, परिणाम 30, अंमलबजावणी 20. आपल्याकडून येणारे प्रस्ताव पहिल्या भागात चांगले असतात आणि उरलेल्या 50 टक्क्यांत गुण सोडतात. "परिणाम" म्हणजे "या संशोधनाने समाजाचं भलं होईल" असं वाक्य लिहायचं नसतं. निष्कर्ष कोण वापरणार, त्यांच्यापर्यंत कुठल्या महिन्यात कसे पोहोचवणार, पेटंटचा निर्णय कधी आणि कोण घेणार, असं हवं. अंमलबजावणीत जोखमींचा तक्ता असतो. "उपकरण वेळेत मिळणार नाही" ही जोखीम आणि "पर्यायी व्यवस्था करू" हा उपाय लिहिला की गुण गेले. पर्याय कुठला, कोणाच्या प्रयोगशाळेत, किती आठवड्यांचा उशीर, ते सांगा.

पैशाबद्दल: जाहीर होणारा निर्वाहभत्ता ही संस्थेची एकूण रक्कम असते. मालकाच्या वाट्याचा विमा, निवृत्तिवेतन आणि तुमचा कर त्यातूनच जातो, आणि देशागणिक गुणांक लागतो. घर शोधण्याआधी यजमान संस्थेच्या मनुष्यबळ विभागाकडून हातात येणारा आकडा लेखी मागवा.

85 टक्के किंवा जास्त गुण मिळूनही निधी न मिळाल्यास सील ऑफ एक्सलन्स मिळतं. काही देश त्याच्या आधारे स्वतःच्या पैशातून फेलोशिप देतात, म्हणून ते पत्र फाईलमध्ये पडू देऊ नका. उलट फार कमी गुण पडले तर त्याच संस्थेसोबत पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही. 2022 च्या फेरीत ही रेषा 70 टक्क्यांवर होती. चालू फेरीची रेषा त्या वर्षाच्या वर्क प्रोग्रॅममध्ये पाहा. कच्चा प्रस्ताव "बघू काय होतं ते" म्हणून टाकायचा नाही, तो यामुळेच.

हडसन_काठी | बुधवार, पहाटे 5:10

अमेरिकेत राहून कंपनी काढू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एसबीआयआरबद्दल, म्हणजे छोट्या कंपन्यांना मिळणाऱ्या सरकारी संशोधन अनुदानाबद्दल. 1982 च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना. ज्या केंद्रीय खात्यांचा बाहेरच्या संशोधनावरचा खर्च 10 कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांनी 3.2 टक्के छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचे. सरकार यात हिस्सा मागत नाही, हे तिचं मोठेपण.

कंपनीत 500 पर्यंत कर्मचारी आणि निम्म्याहून जास्त मालकी अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांची हवी. एच-1बी वाल्या संस्थापकाचे 60 टक्के शेअर असतील तर अर्ज तिथेच संपला. अर्जापूर्वी वाटणी बदलायची तर ती खरी असावी लागते, कागदावरची नव्हे. खोट्या प्रमाणपत्रावर फौजदारी होते. मुख्य संशोधकाची मुख्य नोकरी अनुदानाच्या वेळी कंपनीतच हवी. प्राध्यापकी सोडायची नसेल तर एसटीटीआर ही तिची जोडयोजना पाहा: त्यात किमान 40 टक्के काम कंपनीने आणि किमान 30 टक्के संशोधन संस्थेने करायचं असतं.

नोंदण्यांसाठी दोन महिने हाताशी ठेवा. आधी सॅम-डॉट-गव्ह ही सरकारी नोंदणी आणि तिथला यूईआय हा ओळख क्रमांक, मग एसबीआयआरची कंपनी नोंदणी, ग्रँट्स-डॉट-गव्ह, एनआयएच असेल तर त्यांचं ईआरए कॉमन्स हे पोर्टल. पहिल्या नोंदणीतला कंपनीचा पत्ता आणि कर खात्याकडचा पत्ता यात "स्ट्रीट" आणि "एसटी" एवढा फरक असला तरी पडताळणी अडकते. सॅमची नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते.

आणि संसदेने दिलेल्या मंजुरीची मुदत संपली की योजना थांबते. 30 सप्टेंबर 2025 ला तसं झालं आणि नवे अर्ज मागवणं बंद पडलं. पगार फक्त याच पैशावर बेतलेल्या छोट्या कंपन्यांना अशा वेळी काहीच आधार उरत नाही. रोख रकमेच्या नियोजनात अनुदानाच्या दोन टप्प्यांमध्ये किमान सहा महिन्यांची दरी धरा.

ओजस | बुधवार, सकाळी 8:02

भारतातल्या स्टार्टअपसाठी *क्रम* हा कळीचा मुद्दा आहे आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

बायरॅक या जैवतंत्रज्ञान क्षेत्रातल्या सरकारी संस्थेच्या बिग योजनेत 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत मिळतात. अर्ज वर्षातून दोनदा, 1 जानेवारी आणि 1 जुलैला उघडतात आणि साधारण 45 दिवस चालतात. अर्ज भागीदार इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणारी संस्था) जातो. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर त्यांपैकी एक.

स्टार्टअप इंडिया सीड फंडात, 2021 मध्ये 945 कोटींच्या तरतुदीने सुरू झालेल्या, संकल्पना सिद्ध करायला 20 लाखांपर्यंत अनुदान आहे. पण अट अशी की कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको आणि इतर सरकारी योजनांतून 10 लाखांपेक्षा जास्त मदत घेतलेली नको. आता बघा: आधी बिगचे 50 लाख घेतले तर सीड फंडाचं दार बंद. उलट क्रमाने गेलात तर दोन्ही शक्य. बक्षिसाची रक्कम, संस्थापकाचा मासिक भत्ता, सवलतीची जागा, प्रयोगशाळेची सोय हे त्या 10 लाखांत मोजत नाहीत. म्हणून निधी-ईआयआर या सरकारी योजनेचा संस्थापकाला मिळणारा महिना 30 हजारांपर्यंतचा भत्ता घेऊन, मग नमुना बनवण्यासाठीचे निधी-प्रयासचे 10 लाखांपर्यंत, मग सीड फंड, मग बिग, असा रस्ता बसतो. अर्थात कंपनी नोंदवायची घाई केली की दोन वर्षांचं घड्याळ लवकर सुरू होतं. बिगला व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो.

कऱ्हाकाठ | बुधवार, सकाळी 10:40

आणि केंद्राचा तो 1 लाख कोटींचा आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोन्मेष) निधी? प्राध्यापकांनी त्याकडे पाहायचं का?

तिसरा_मजला | बुधवार, दुपारी 12:15

ते अनुदान नाही. मंत्रिमंडळाने 1 जुलै 2025 ला मंजूर केलेली ती योजना मुख्यतः कमी किंवा शून्य व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाची आणि भागभांडवलाची आहे, तंत्रज्ञान सज्जता पातळी 4 आणि पुढच्या प्रकल्पांसाठी. पैसा थेट मिळत नाही. दुसऱ्या फळीतल्या निधी व्यवस्थापकांमार्फत येतो. पातळी 4 म्हणजे घटक प्रयोगशाळेत एकत्र चालवून दाखवलेले. शोधनिबंधातला एक आलेख म्हणजे पातळी 2 किंवा 3.

अनुसंधान फाउंडेशनचा 50 हजार कोटींचा आकडाही असाच वाचायला हवा: 2023 ते 2028 या काळातल्या त्या रकमेत सरकारी वाटा 14 हजार कोटींचा, उरलेले 36 हजार कोटी बिगरसरकारी स्रोतांतून अपेक्षित. पिपेट यांनी पहिल्याच परिच्छेदात म्हटलंय ते इथे तंतोतंत लागू पडतं.

मीरा_तळेगाव | बुधवार, रात्री 9:30

शेवटचा प्रश्न. युरोपीय गटाने होरायझन या युरोपीय संघाच्या संशोधन कार्यक्रमाच्या प्रस्तावात भारतीय संस्थेला भागीदार व्हायला बोलावलं, तर पैसे मिळतात का?

पिपेट | बुधवार, रात्री 10:25

आपोआप नाही. भारत सहयोगी देश नाही. कमी-मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांना आपोआप निधी मिळतो, पण भारत, चीन, ब्राझील, मेक्सिको त्या यादीबाहेर ठेवलेले आहेत. विषयाच्या मजकुरात भारताचा अपवाद लिहिलेला असेल, किंवा आपल्या विज्ञान-तंत्रज्ञान वा जैवतंत्रज्ञान विभागाने त्या विषयाला समांतर निधी जाहीर केला असेल, तरच. नाहीतर "सहयोगी भागीदार" म्हणून स्वतःच्या खर्चाने जायचं. शून्य बजेटची "लाभार्थी" संस्था म्हणून नाव घालू नका: अनुदान कराराची सगळी बंधनं अंगावर येतात आणि हातात काहीच नाही.

समांतर निधी असेल तर दोन्हीकडच्या अर्जांत कामाची वाटणी, महिने आणि संस्थांची नावं अक्षरशः सारखी ठेवा. दोन मूल्यमापनं स्वतंत्र होतात. एक मंजूर आणि एक नामंजूर झालं तर काय, ते गटाशी आधीच लिहून ठरवा.

करार एकरकमी पद्धतीचा आहे का, हेही विचारा. प्रत्यक्ष खर्चाच्या पद्धतीत माणसाचा दिवसाचा दर वार्षिक खर्च भागिले 215 असा निघतो आणि दिवसांची नोंद ठेवावी लागते. एकरकमीत ती कटकट नाही, पण कामाचा गठ्ठा (वर्क पॅकेज) पूर्ण झाला नाही तर त्याचा वाटा रोखतात. म्हणून तिथे चार मोठ्या गठ्ठ्यांऐवजी आठ-दहा छोटे, आणि लांबलचक गठ्ठे अहवालाच्या कालावधींनुसार तोडलेले बरे.

युरोपात 31 मार्चची भीती नाही, आगाऊ रक्कम करारानंतर लगेच येते. पण त्यातून एकूण अनुदानाच्या 5 ते 8 टक्के परस्पर विमा निधीत जातात, आणि अंतिम अहवाल मंजूर होईपर्यंत एकूण 90 टक्क्यांच्या वर पैसे सोडत नाहीत. शेवटच्या वर्षाचे पगार कुठून द्यायचे, ते संस्थेच्या वित्त विभागाला करारावर सही करतानाच विचारून ठेवा.